फिरतं काय त्यात?

मंडळी, नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय 'घरच्या घरी लॅप स्टील गिटार'. समोर बघतो तर दोन प्रकारची माणसं दिसतात. एक, ज्यांना खरंच गिटार बनवायची आहे. आणि दुसरी, पावसामुळे ज्यांचा रंकाळ्याचा फेरा चुकला. दोघांचंही स्वागत आहे, चहा दोघांनाही सारखाच मिळणार आहे.

हे टेबलावर ठेवलंय ते वाद्य. मांडीवर आडवं ठेवायचं. डाव्या हातात पोलादाची गुळगुळीत कांडी धरायची, तारांवर नुसती टेकवायची आणि सरकवायची. तार लाकडापर्यंत दाबायची नाही. गिटारीच्या मानेवर ठोकतात त्या पट्ट्या, म्हणजे पडदे, इथं नाहीत; या ज्या रेघा दिसतात त्या डोळ्यांसाठी, तारेला त्यांचा पत्ताही नाही.

मूळ हवाई बेटांचं. जोसेफ केकुकू नावाच्या शाळकरी पोरानं १८८९ च्या सुमारास लोखंडाचा तुकडा गिटारीच्या तारांवरून सरकवला, असं सांगतात. त्याच्याही आधी होनोलुलूत गॅब्रिएल डेव्हियन नावाचा, भारतात जन्मलेला एक खलाशी असं वाजवायचा, असाही एक दावा आहे. बघा, लगेच माना ताठ झाल्या! जरा दमानं घ्या. सरकवून वाजवणं आपल्याला नवं नाहीच. विचित्रवीणा आहे, दक्षिणेत गोट्टुवाद्यम आहे, आणि ते गोट्टुवाद्यम मैफलीत परत आणणाऱ्याचं नाव सखाराम राव. आता सखाराम हे नाव कुठलं, ते मी कोल्हापुरात सांगायला नको.

माझं म्हणणं एवढंच आहे की हे वाद्य आपल्या गावात बनायला पाहिजे. त्याला लागणारं अर्धं डोकं देवल क्लबात, म्हणजे गाणेवाल्यांत आहे आणि अर्धं उद्यमनगरात, म्हणजे लेथवाल्यांत. पण ही दोन्ही डोकी एकमेकांशी बोलत नाहीत. ज्या गावात अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी गायले, त्याच गावात बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा बनवला आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. तेव्हा गाणं आणि लेथ शेजारी नांदत होते. आता गाणेवाल्याला सोल्डरिंगची भीती आणि लेथवाल्याला वाटतं गाणं म्हणजे गणपतीतला डॉल्बी.

यावरून एक किस्सा सांगतो. छोटासाच आहे. (अध्यक्ष हसतायत, त्यांनी तो आधी ऐकलाय.)

विजेवर वाजणाऱ्या गिटारीला पिकअप लागतो. म्हणजे चुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे. तार केसाहून बारीक, ४६ गेजची, ०.०६ मिलिमीटरच्या आसपास. विकत मिळतो, पण मला तो इथंच गुंडाळून घ्यायचा होता. म्हटलं, उसाच्या पट्ट्यात राहतो आपण, गल्लोगल्ली पंपाच्या मोटारी भरून देणारी दुकानं आहेत, त्यांना काय अवघड? गेलो एका मिस्त्रींकडं. मान वर न करता त्यांनी विचारलं, "किती एचपीची हाय?"

म्हटलं, मोटर नाही, गिटारीचं कॉइल आहे.

"सिंगल फेज का थ्री फेज?"

म्हटलं, फेजच नाही. लाइट लावायचीच नाही त्याला.

आता मान वर आली. "मग फिरतं काय त्यात?"

म्हटलं, काही फिरत नाही.

"कायच फिरत न्हाई म्हटल्यावर वायर कशाला गुंडाळायची वो सर?"

दुकानातली पोरं हसायला लागली. मी तंत्रनिकेतनात आयुष्यभर मुलांना फॅरेडे शिकवलेला माणूस. १८३१ सालचा प्रयोग, चुंबक हलला की कॉइलमध्ये करंट येतो, हे फळ्यावर किती वेळा काढलं असेल! तिथं मात्र स्टुलावर बसून सांगायला लागलो की मिस्त्री, वर पोलादी तार आहे, खाली चुंबक आहे, तार थरथरली की... मला पुढं बोलूच दिलं नाही. म्हणाले, "मंजे डायनामोच की! सायकलचा फिरतो, ह्यो थरथरतो." आणि लगेच पुढं, "मग तार पोलादाचीच पायजे. पितळंची चालायची न्हाई."

मंडळी, हे वाक्य माझ्या वर्गात कुणी बोललं नव्हतं. पितळेला चुंबक धरत नाही, म्हणून पितळी तार वर कितीही नाचली तरी खालच्या कॉइलला तिची जवळजवळ खबर लागत नाही. हे त्या माणसानं वाद्य न बघता सांगितलं.

पण भरायचं कुणी? मिस्त्रींचा हात जाड वायरीला सरावलेला. जरा ओढ लागली की तार तुटायची. शेवटी काउंटरवर हिशेब लिहीत बसलेल्या त्यांच्या मंडळी उठल्या, "सरका तिकडं" म्हणाल्या आणि हातमशीनवर सलग भरून मोकळ्या झाल्या. हात हलका. मीटर लावला, साडेसहा हजार ओहम. मिस्त्रींनी कपाळावर हात मारला. "माझी मोटर असती तर जळली म्हणून टाकून दिली असती." बिलावर काय लिहायचं यावर पाच मिनिटं चर्चा झाली आणि शेवटी लिहिलं, 'डायनामो रिपेरी'. ते बिल मी जपून ठेवलंय.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बघा, अजून लाकूडसुद्धा कापलं नाही आपण.

पण त्याआधी गंधाराचं, म्हणजे सारेगमतल्या 'ग'चं सांगितलंच पाहिजे, कारण सगळा खटाटोप त्याच्यासाठी आहे. पेटीवाल्यांनी रागावू नये, पेटीचा सूर जागेवरून हलत नाही. तुमच्यावर आकाशवाणीनं १९४० साली बंदी घातली ती १९७१ पर्यंत चालली, तेवढी शिक्षा पुरे झाली. तारेची लांबी साडेबावीस इंच धरा, म्हणजे ५७१.५ मिलिमीटर. आपला शुद्ध गंधार तारेचा पाचवा भाग सोडल्यावर, म्हणजे ११४.३ वर. पाश्चात्त्य गिटारीचा चौथा पडदा कुठं ठोकलेला असतो? ११७.९ वर. साडेतीन मिलिमीटरचा फरक! पडदा तिथून हलत नाही. कांडी हलते. आणि ती दोन्हींच्या मधून सरकते, म्हणजे मींड, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, फुकट. ब्रिजभूषण काब्रा जोधपूरचे, अली अकबर खाँसाहेबांचे शिष्य, त्यांनी गिटार मांडीवर आडवी घेतली ती याचसाठी. १९६७ ची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही ध्वनिमुद्रिका ऐका, संतूर आणि बासरीच्या मध्ये तीच आहे.

आता भराभर. लाकूड: जुन्या वाड्याच्या चौकटीचं सागवान. वाळलेलं असतं, पिळत नाही. बत्तीस इंच लांब, चार रुंद, दीड जाड. एवढी जाडी असली की मानेत लोखंडी सळई घालायची गरज नाही. सहा तारा मिळून चाळीस-पन्नास किलोची ओढ लावतात, सागवान ती झेलतं. पोकळी कोरू नका, आवाज पिकअपमधून येणार आहे. पहिली विजेची गिटार, रिकनबॅकरची, १९३२ साली बाजारात आली ती मांडीवरचीच, ओतीव ॲल्युमिनियमची, आणि तिला लोक तवा म्हणायचे. आपल्याकडं फाउंड्र्या किती आहेत, मोजा.

दोन्ही टोकांना लोखंडी अँगलचा तुकडा, कड कानशीनं गोल करून. तारा लाकडापासून दहा मिलिमीटर वर, नाहीतर कांडी लाकडाला घासते. अँगलपासून अँगलपर्यंत ५७१.५, इथं आळस नको. चाव्या मोडक्या गिटारीच्या काढा. रेघा मारताना उरलेल्या लांबीला दरवेळी १७.८१७ नं भागत जा; बाराव्या रेघेला बरोबर निम्मं यायला हवं, तोच ताळा.

जोडणी: पिकअप, एक पॉट (आवाज कमीजास्त करायला), एक जॅक (ॲम्प्लिफायरची वायर खोचायला). ब्रिजपासून, म्हणजे पिकअपकडच्या अँगलपासून, जॅकच्या अर्थला वायर टाका, ५० हर्ट्झची गुणगुण बरीच कमी होते. ॲम्प्लिफायर तीन पिनांचा, अर्थिंग चालू असलेलाच घ्या. तारांना हात लावून बसायचंय, इथं जुगाड चालत नाही.

सूर: सा प सा ग प सा, आणि तो गंधार कानानं लावा, ट्यूनरच्या ॲपनं नाही. कांडी रेघेच्या बरोबर वर, मागं नाही. तिच्या मागची बोटं तारांवर हलकी टेकवलेली ठेवा, नाहीतर कांडीमागची तारही वाजते आणि शेजारी तक्रार करतात.

दुसरी चिठ्ठी आली. बसतो. कांडी कुठून आणायची ते राहिलं: मोटारसायकलच्या पिस्टनची गजन पिन. कठीण, घासून आरशासारखी केलेली, कुठल्याही गॅरेजात जुनी मिळते. ही टेबलावर आहे तीच. वाद्याला हात लावायचाय त्यांनी रांगेत या, वाजवून बघा. फक्त पिन खिशात घालून नेऊ नका, मागच्या व्याख्यानात गेली.