किल्ला ते वडगाव: पायी पाहिलेलं बेळगाव

[पडद्यावर: सकाळ. बेळगावचं मध्यवर्ती बसस्थानक. निपाणी, चिकोडी, खानापूरच्या गाड्या फलाटाला लागतायत.]

आम्ही सीमाभागातली माणसं बेळगावला कामाशिवाय येत नाही. कोर्टाची तारीख असते, घरातल्या कुणाला तरी मोठ्या डॉक्टरांना दाखवायचं असतं, नाहीतर लग्नाचा बस्ता बांधायचा असतो. काम उरकलं की उन्हं कलायच्या आत परतीची गाडी. निपाणीतल्या कितीतरी बायकांनी आयुष्यभर बेळगावला खेपा घातल्या, पण बेळगाव बघायला म्हणून कुणी आलेलं माझ्या तरी ऐकण्यात नाही.

आज काम काही नाही. पाठीवर पिशवी, पाण्याची बाटली, पायात सवयीच्या चपला. एकटीनं चालायचं, संध्याकाळपर्यंत.

चालायचंच का? कारण बेळगाव हे एक शहर म्हणून वसलेलंच नाही. किल्ला एकाचा, पेठ दुसऱ्यांची, कॅम्प इंग्रजांचा, आणि शहापूर तर संस्थानं विलीन होईपर्यंत सांगलीकर पटवर्धनांचं. रिक्षात बसलात की हे सगळं एकच गजबजलेला रस्ता होऊन निघून जातं. पायी चाललात तर एक वस्ती कुठं संपली आणि दुसरी कुठं लागली, हे घरांच्या उंचीवरून आणि झाडांच्या सावलीवरून ध्यानात येतं.

[पडद्यावर: किल्ला तलाव, उंच ध्वजस्तंभ, खंदक.]

बसस्थानकाला लागूनच किल्ला. आधी तलाव दिसतो, त्याच्या काठावरचा ११० मीटर उंच ध्वजस्तंभ दिसतो, मग खंदक आणि दगडी तट. मार्गशीर्षातली थंडी अंगात आहे. बेळगावला गरिबांचं महाबळेश्वर म्हणतात. अशा सकाळी ते पटतं.

किल्ल्यात घाई करू नका. कमल बस्ती इथं आहे. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज यानं १२०४ साली बांधलेलं हे जैन मंदिर. मंडपात उभं राहून मान वर करायची. छतातून खाली उमललेलं दगडी कमळ आहे, बहात्तर पाकळ्यांचं. भूतकाळातले चोवीस तीर्थंकर, वर्तमानातले चोवीस, भविष्यातले चोवीस. न झालेल्या तीर्थंकरांसाठीसुद्धा ज्यानं पाकळी कोरून ठेवली, त्या कारागिराचं नाव कुठं नोंदलेलं नाही. मला ते फार लागलं. मंत्र्याचं आणि राजाचं नाव सांगणारे शिलालेख आहेत, ते लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेले. पाकळ्या इथंच राहिल्या.

जवळच सफा मशीद, १५१९ सालची, आदिलशाहीतला सरदार असदखान याच्या काळातली. आणि थोडं पुढं रामकृष्ण मिशनचा आश्रम.

या आश्रमाच्या जागी पूर्वी हरिपद मित्र या वनाधिकाऱ्यांचा बंगला होता. १८९२ च्या ऑक्टोबरात एक तरुण संन्यासी कोल्हापूरहून बेळगावात उतरला. आधी पेठेतल्या रिसालदार गल्लीत भाटे वकिलांकडं राहिला, मग इथं मित्रांकडं. पुढच्या वर्षी शिकागोच्या परिषदेनं त्याला स्वामी विवेकानंद म्हणून जगभर ओळख दिली. बेळगावात आला तेव्हा तो एकटा भटकणारा परिव्राजक होता, पुढं गोव्याकडं निघालेला. एकट्यानं फिरणाऱ्याला दार उघडणारं शहर कसं असतं, याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही. रिसालदार गल्लीतलं ते घर आज स्मारक म्हणून जपलंय.

[पडद्यावर: खडेबाजार. दुकानांची दारं उघडतायत.]

पेठ. इथं शहर एकदम अंगावर येतं. खडेबाजार, मारुती गल्ली, गणपत गल्ली, रामदेव गल्ली. फूटपाथ आहे, पण त्यावर टोपल्या आहेत, स्कूटर आहेत, साड्या नेसवलेल्या बाहुल्या आहेत. चालणाऱ्यानं रस्त्यातूनच चालायचं. एकट्या बाईला अजून एक अडचण येते ती सांगायलाच हवी: स्वच्छतागृह. पेठेत शिरण्याआधी सोय बघून ठेवा, कारण आत शिरल्यावर नीटसं सापडायला फार विचारावं लागतं, आणि तेही पुरुषांनाच विचारावं लागतं. एवढ्या मोठ्या बाजारात सगळ्या जिल्ह्याच्या बायका खरेदीला येतात. त्यांच्यासाठी एवढं व्हायला हवं.

गणपत गल्लीत भाजीवाल्या ओळीनं बसल्यायत. कडोली, उचगाव भागातली रताळी अजून माती लागलेलीच. या भागातली भाजी रोज घाट उतरून गोव्याला जाते. गोव्याच्या कितीतरी घरांची चूल बेळगावच्या शिवारावर पेटते. मी रताळ्यांपाशी थांबले.

"अक्का, कुठनं आलासा?"

"निपाणीहून."

"काय काम काढलासा?"

"काम नाही. चालत गाव बघायला आलेय."

"एकटीच?" तिनं मला पायापासून वरपर्यंत न्याहाळलं, एक बारकं रताळं पदराला पुसलं आणि हातात दिलं. "खावा. कच्चंच ग्वाड लागतंय."

तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं आणि तिच्या तोंडून त्याच दमात कन्नडमधलं "एष्टु बेकु री?" (किती पाहिजे?) आलं. तराजू तोच, हात तोच. भाषा बदलताना तिची पापणीही लवली नाही. दुकानांच्या पाट्यांवर कन्नड वर आणि मोठं, त्याखाली कुठं इंग्रजी, कुठं मराठी. टोपलीत खोचलेल्या पुठ्ठ्यावर मात्र खडूनं मराठीतच भाव लिहिलेला.

हे सांगताना दुसरी बाजू सोडून चालणार नाही. किर्लोस्कर रोडवरून चाललं की हुतात्मा चौक लागतो. राज्य पुनर्रचनेत बेळगाव महाराष्ट्राबाहेर ठेवण्याविरुद्ध १७ जानेवारी १९५६ ला इथं लोक रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला, माणसं गेली. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं. महाराष्ट्रानं २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा लावला, तो अजून उभा आहे. दर १७ जानेवारीला या चौकात फुलं वाहिली जातात. माझ्या आजीच्या पिढीला ही तारीख तिथीसारखी पाठ होती.

याच किर्लोस्कर रोडला ज्यांचं नाव, त्या लक्ष्मणरावांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचं दुकान काढलं. मग कडबा कापायची यंत्रं, मग लोखंडी नांगर. लोखंडानं जमीन नासते असं शेतकऱ्यांना वाटायचं, त्यामुळं पहिले नांगर खपायलाही वेळ लागला. पुढं नगरपालिकेनं जागा सोडायला सांगितली आणि १९१० मध्ये कारखाना औंध संस्थानातल्या माळावर गेला. ती किर्लोस्करवाडी. नाव मात्र इथल्या रस्त्यावर राहिलं.

पाय थकले की सार्वजनिक वाचनालयात बसावं. १८४८ साली सुरू झालेली ही संस्था. वर्तमानपत्रांच्या टेबलाशी म्हातारी माणसं बसलेली, कुणी कुणाला काही विचारत नाही. अनोळखी गावात एकटीला बिनबोभाट टेकायला मिळणारी जागा फार मोलाची.

[पडद्यावर: कॅम्पातले रुंद रस्ते, जुनी झाडं, कवायतीचे आवाज.]

बोगारवेस ओलांडून कॅम्पाकडं वळलं की गोंगाट मागं पडतो. १८१८ मध्ये किल्ला इंग्रजांच्या हाती गेला आणि पुढं ही छावणी वसली. रस्ते रुंद, बंगले आवारात आत सरकलेले, १८५६ सालचं सेंट पॉल्स हायस्कूल. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र इथलंच. पोरं घामानं निथळत धावत जातात, त्यातली बरीच आमच्याच आसपासच्या गावांतली. इथं चित्रीकरण करायला परवानगी लागते, म्हणून कॅमेरा बंद.

कॅम्पात कुंदा मिळतो. दूध आटवत, साखर घालून, तांबूस रंग येईपर्यंत परतलेला, दाणेदार. उभ्यानं खायचा, बांधून न्यायचा नाही. ताज्याची चव घरी पोचेपर्यंत राहत नाही.

[पडद्यावर: काँग्रेस रोड, वीर सौध, विहीर.]

मिलिटरी महादेवाच्या बागेवरून काँग्रेस रोडनं टिळकवाडीत आले. डिसेंबर १९२४ मध्ये इथल्या मोकळ्या रानात काँग्रेसचं अधिवेशन भरलं. गांधीजी आयुष्यात एकदाच अध्यक्ष झाले, ते इथं. गंगाधरराव देशपांड्यांनी सगळी उभारणी केली. एवढ्या माणसांना पाणी कुठलं? म्हणून विहीर खणली, ती काँग्रेस विहीर. स्वागतगीत गाणाऱ्या मुलींत एक लहानगी होती, धारवाडची गंगू. पुढं त्याच गंगूबाई हनगल झाल्या. विहिरीच्या कठड्याशी उभं राहून मी हे सगळं मनात मांडत होते आणि शेजारून शाळेची पोरं दप्तरं हलवत घरी चालली होती, मराठी, कन्नड, इंग्रजी एकाच वाक्यात मिसळत.

टिळकवाडीची माणसं पत्ता रेल्वे गेटावरून सांगतात. पहिलं गेट, दुसरं गेट, तिसरं गेट. गेट पडलेलं असलं की गाडीवाले चुळबुळतात. पायी चालणाऱ्याला तेवढीच विश्रांती.

[पडद्यावर: शहापूर. अरुंद गल्ल्या.]

शहापुरात शिरलं की घरं पुन्हा एकमेकांना टेकतात. एकेकाळी इथं यायचं म्हणजे इंग्रजी मुलुखातून संस्थानात पाऊल टाकणं. आज त्याची खूण म्हणून काही पाटी नाही, पण याला स्वतःचा खडेबाजार आहे, स्वतःची देवळं, स्वतःचा तोरा. शहापूरकर अजूनही "बेळगावात जाऊन येतो" म्हणतात.

नाथ पै सर्कलवरून वडगावकडं चालत राहा. गाड्यांच्या आवाजात एक वेगळा आवाज मिसळायला लागतो: खटाखट, खटाखट. माग. दारं उघडी, आत साड्या विणल्या जातायत. एका दारात थांबले तर आतल्या बाईनं यंत्र न थांबवताच हातानं ये म्हणून खुणावलं. बोलणं ओरडूनच करावं लागलं. वीज गेली की माग बंद, आणि मजुरी विणलेल्या साडीवर. दिवसभर उभं राहून तिचे पाय सुजलेले होते; माझ्या चालण्याचं कौतुक तिथं मी केलं नाही. मी साडीचा काठ हातात घेऊन बघितला. गणपत गल्लीत सकाळी असेच काठ बाहुल्यांच्या खांद्यावर बघितले होते.

निघताना ती म्हणाली, "आषाढात या की, मंगाईच्या जत्रेला. तवा माग बंद असतोय, बोलता तरी येतंय."

मंगाई वडगावची ग्रामदेवता. जत्रा ऐन पावसात येते, म्हणून छत्री आणि पाण्याला न घाबरणारी पादत्राणं आणा. बसस्थानकापासून वडगाव न थांबता चाललं तर तासाभराची वाट आहे. थांबत चाललात तर दिवस काढून या.