शाळेच्या शेतीची सल्लागार समिती

श्रोतेहो, नमस्कार.

शेती शिकवणाऱ्या एका शाळेच्या सल्लागार समितीत मी काही वर्षं काम केलं. अशा समितीचा उपयोग काय, हे मला एका बैठकीत नीट समजलं. ती बैठक आम्ही मुद्दाम शाळेच्या शेडनेटमध्ये, म्हणजे रोपांसाठी सावलीची जाळी लावलेल्या मांडवात, ठेवली होती. आमच्यातल्या एका रोपवाटिकाचालकांनी ट्रेमधलं टोमॅटोचं रोप खालून दाबून अलगद बाहेर काढलं आणि तळहातावर धरलं. मुळं कोकोपीटभोवती, म्हणजे मातीऐवजी वापरतात त्या नारळाच्या भुशाभोवती, गोल गोल गुंडाळली गेली होती, टोकं तपकिरी पडली होती. ते म्हणाले, "हे रोप कधीच शेतात जायला हवं होतं. मुलांना लागवड येते, पण रोप लागवडीला आलंय हे ओळखता येत नाही." शिक्षकांनी लगेच वही काढली. पुढच्या आठवड्यापासून मुलं ट्रेमधलं एकेक रोप काढून मुळं बघायला लागली.

असं बोलणारी माणसं समितीत हवीत. प्रत्यक्ष शेती करणारे, रोपवाटिका किंवा दुग्धव्यवसाय चालवणारे, यंत्रं दुरुस्त करणारे, कृषी संशोधनातले कुणी, पालक, आणि या वर्गातून शिकून बाहेर पडलेला एखादा तरुण. माजी विद्यार्थ्याला तर मी आग्रहाने घ्या म्हणेन. शाळेत शिकलेलं काय कामी आलं आणि काय नाही, ते त्याच्याइतकं खरं कुणी सांगत नाही. दहा-बारा माणसं पुष्कळ झाली. सगळे शिक्षकांचे स्नेही असतील तर बैठक छान होते, पण हाती काही लागत नाही. कार्यकाळ तीन वर्षांचा ठेवावा आणि दरवर्षी थोडे थोडे सदस्य बदलावेत, म्हणजे जुनी माहितीही राहते आणि नवी नजरही येते.

शाळेच्या शेतीला बाहेरच्या माणसांची गरज जुनी आहे. अमेरिकेत 1917 साली शाळांतल्या व्यवसाय शिक्षणासाठी स्मिथ-ह्यूज कायदा झाला. त्यात शेती शिकणाऱ्या मुलांसाठी वर्षातून किमान सहा महिने देखरेखीखालचं प्रत्यक्ष काम सक्तीचं होतं. ते काम नुसतं वर्गात बसून होणार नव्हतं. त्यासाठी शेत लागणार, गोठा लागणार, आणि ते मुलांना उघडून देणारी माणसं लागणार.

एक गोष्ट पहिल्याच दिवशी स्पष्ट करावी. समिती सल्ला देते, निर्णय शाळेचा असतो. शिक्षकांच्या नेमणुका किंवा त्यांच्या कामाचं मूल्यमापन हे समितीचं काम नाही. अध्यक्ष सदस्यांपैकीच कुणी असावा. शिक्षक स्वतः अध्यक्षस्थानी बसले की ते अहवाल वाचत राहतात आणि इतरांनी नुसतं ऐकायचं, असं होऊन बसतं. विषयपत्रिका आधी आठवडाभर हातात पडावी, आणि तिच्यात प्रश्न असावेत. "रोपवाटिकेचा आढावा" असं लिहिलं तर कुणी काही बोलत नाही, "सुट्टीत रोपांना पाणी कोण घालणार?" असं लिहा, पाच जण बोलतील.

आणि आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. आमची समिती मध्यंतरी जवळजवळ मोडली होती. आम्ही ठिबक सिंचनाच्या पाण्याच्या गाळणीबद्दल सांगितलं, माती परीक्षणाबद्दल सांगितलं. इतिवृत्तात सगळं उतरलं, पण पुढच्या बैठकीत त्याचा उल्लेखही नाही. तिसऱ्या बैठकीला आम्ही चौघंच होतो. कामाच्या दिवसातला अर्धा दिवस मोडून आलेल्या माणसाला आपल्या शब्दाचं काय झालं, एवढं तरी कळायला हवं. मग नव्या अध्यक्षांनी एक पद्धत घातली: प्रत्येक सूचनेपुढे तीनपैकी एक उत्तर लिहायचं. केलं, करतोय, किंवा जमणार नाही आणि का. "जमणार नाही" याचंही कुणाला वाईट वाटलं नाही. गाळणीसाठी पैसे नाहीत असं शिक्षकांनी सरळ सांगितलं, तेव्हा एका शेतकऱ्याने आपल्याकडची जादा गाळणी आणून दिली. ती बसवायलाही तेच आले. त्या दिवशी मुलांनी गाळणी उघडून आतली जाळी पहिल्यांदाच पाहिली; शेवाळाने बुजलेली जुनी आणि स्वच्छ नवी, दोन्ही शेजारी ठेवून.

बैठका वर्षात तीन-चार पुरतात. तारखा मात्र पेरणी आणि काढणी टाळून ठरवा; ज्यांचा सल्ला हवा आहे, ती माणसं तेव्हा शेतात असतात.

नमस्कार.