ढोल थांबल्यावर घागरा कुणाचा?

ब्राझीलमधलं साल्वादोर शहर. कांदोम्ब्लेचं, म्हणजे आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांनी इथे रुजवलेल्या धर्माचं देवघर, इथे त्याला तेरेइरो म्हणतात. तीन ढोल चाललेत, रूं, रूंपी आणि ले, वाजवणारे सगळे पुरुष, कारण बऱ्याच घरांत बाईने ढोलाला हात लावायचा नाही असा नियमच आहे. आणि घर चालवते कोण? बाई! गादीवरची म्हातारी, माई-दे-सांतु, तिचा शब्द शेवटचा.

आता हा माणूस बघा, चांगला धिप्पाड, याच्या अंगात ओशुन येते, नदीची देवी. लगेच एकेदी पुढे होते (हिच्या स्वतःच्या अंगात कधीच येत नाही, अंगात आलेल्यांना सांभाळणं हेच तिचं काम), टॉवेलने त्याचा घाम पुसते, हाताला धरून आत नेते आणि थोड्या वेळाने तोच माणूस सोनेरी घागऱ्यात बाहेर येतो, तोंडावर मण्यांची झालर, हातात देवीचा गोल पंखा. कुणी हसत नाही हां, कारण आता तो तो नाहीच, ओशुन आहे.

कुणाच्या डोक्यावर कुठला देव ते कवड्या टाकून ठरतं, आपल्या भवानीच्या माळेत असतात तसल्याच कवड्या, सोळा. शरीर कुठलं ते त्या विचारत नाहीत. दीक्षा घेतली की बाई असो की बुवा, सगळे इयावो, पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबा भाषेत त्याचा अर्थ नवरी.

मग भांडण कशावरून? ढोल थांबल्यावर ट्रान्स बाई (जन्मली तेव्हा मुलगा म्हणून नोंदवलेली) बायकांचा खळ घातलेला घागरा नेसून येते आणि जुनी मंडळी म्हणतात, पँट घाल.

हे कपड्यांचं प्रकरण जुनंच. १५९१ मध्ये याच शहरात जोडे शिवणाऱ्या एका काँगोच्या गुलामाची चर्चच्या इन्क्विझिशनकडे, म्हणजे धर्माच्या कोर्टाकडे, तक्रार गेली, की हा पुरुषाचे कपडे घालायला तयार नाही. आज ट्रान्स चळवळ तिला शिका मनिकोंगु म्हणते.

२०१८ पासून कोर्टाच्या निकालामुळे ऑपरेशन न करता कागदावर नाव आणि लिंग बदलता येतं, पण तेरेइरोत ते कार्ड कोण बघतंय? मला विचाराल तर खरा पेच ट्रान्स पुरुषाचा (जन्मला तेव्हा मुलगी म्हणून नोंदवलेल्याचा) आहे, त्याला ढोलावर बसवायचं की हातात टॉवेल द्यायचा? काही घरं बसवतात, काही नाही म्हणतात, सगळ्यांच्या वर बसलेला पोप वगैरे इथे नाहीच. मग काय, घागरा घडी करून पिशवीत घालायचा आणि दुसऱ्या घराचं दार वाजवायचं.