पाण्याच्या रेघेवरची अंडी

(दृश्य: पिंपाची आतली कड, अगदी जवळून)

पाण्याच्या पातळीच्या जरा वर चिकटलेले हे काळे ठिपके. धूळ वाटते, पण ही एडिस डासाची अंडी आहेत. डेंग्यू आणि चिकनगुनिया पसरवणारा हाच डास. पिंप उपसून कोरडं ठेवलं तरी ही अंडी कित्येक महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी लागलं की फुटतात. म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही. काथ्याने किंवा ताठ ब्रशने आतली कड घासायची, खळखळून धुवायची, मगच भरायचं. अळ्या दिसल्या तर ते पाणी कोरड्या जमिनीवर ओता. गटारात ओतलेल्या अळ्या तिथेही जगू शकतात.

उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. त्यामुळे आठवड्याचा एक वार ठरवूनच टाका.

(दृश्य: फ्रिजची मागची बाजू)

पिंप सगळे घासतात. राहतो तो फ्रिजमागचा ट्रे. कुंडीखालची बशी, कूलरचा तळ, गच्चीवरचा तुंबलेला पन्हाळ. टाकीला झाकण असतं, पण ते नीट बसत नाही. बोटभर फटही डासाला पुरते. झाकणाऐवजी कापड बांधलंत तर ताणून बांधा, नाहीतर मधल्या खळग्यात पाणी साचतं.

(दृश्य: खिडकी, मग पाळणा)

खिडकीच्या जाळीची भोकं साधारण सव्वा मिलिमीटरची हवीत. बहुतेक वेळा जाळी चांगलीच असते, डास येतो तो चौकटीच्या फटीतून. मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचा आणि अंग जाळीला टेकू देऊ नका; टेकलेल्या हाताला डास बाहेरूनही चावतो. एडिस दिवसा चावतो, सकाळी आणि मावळतीच्या आधी जास्त. तेव्हा बाळ दिवसा झोपलं तरी मच्छरदाणी हवीच.

डास दुबळा उडणारा, पंख्याच्या वाऱ्यात त्याला अंगावर बसणं जमत नाही. कॉइल बंद खोलीत लावू नका, तो धूर आपल्याच छातीत जातो. आवाजाने डास पळवणाऱ्या यंत्रांवर तर पैसे घालवूच नका.

अंगाला लावायच्या औषधात 20 ते 30 टक्के डीट (डासांना दूर ठेवणारं रसायन) असेल तर ते काही तास टिकतं. आधी सनस्क्रीन, मग हे. दोन महिन्यांखालच्या बाळाला लावायचं नाही. मोठ्या मुलांनाही आपल्या तळहातावर घेऊन लावा. त्यांच्या हातांना नको, कारण हात तोंडात जातात.