पाठीच्या मधोमधची कोरी जागा

नमस्कार श्रोतेहो. डायलिसिस वॉर्डात सिस्टर म्हणून काम करते. ज्यांच्या घरी कुणाचं डायलिसिस चालू आहे, त्यांच्याशी आज बोलायचंय खाजेबद्दल.

नागपूरच्या महाल भागातले एक रिटायर मास्तर आमच्याकडे आठवड्यातून तीनदा यायचे. खांदे, दंड, पाठ, सगळं ओरबाडलेलं. फक्त पाठीच्या मधोमध, जिथे हात पोचत नाही, तेवढी जागा स्वच्छ, कोरी. घरच्यांना वाटलं खरूज. टॉवेल वेगळा, खाट वेगळी. तीन वर्षांचा नातू जवळ आला की मास्तर स्वतःच म्हणायचे, "लांब राय रे बाप्पा."

ती कोरी जागा बघूनच मला शंका आली. अंगावर पुरळ नव्हतंच, होते ते नखांचे ओरखडे. काकूंना विचारलं, घरात आणखी कुणाला खाजते का? नाही म्हणाल्या. मग औषधांची पिशवी उघडली. फॉस्फरसची गोळी मास्तर पहाटे उपाशीपोटी घेत होते, बाकीच्या गोळ्यांसोबत, एकदाच. अहो, ती गोळी जेवणातलं फॉस्फरस पोटातच धरून ठेवते. पोटात जेवणच नाही, तर धरणार काय? मग ते रक्तात साठतं, आणि खाज वाढू शकते. त्यात रोज कडुनिंब घातलेल्या कढत पाण्यानं आंघोळ!

गोळी जेवणासोबत सुरू झाली. पाणी कोमट, साबण सौम्य, आणि अंग ओलसर असतानाच बिनवासाचं मलम. डॉक्टरांनी डायलिसिसनंतर घ्यायची एक छोट्या डोसची गोळीही दिली. दीड महिन्यानं काकू म्हणाल्या, "सिस्टर, नातू त्यांच्या पाठीला मलम चोळते आता. बरोब्बर मधोमध."

ही खाज किडनीची. ती लागत नाही, कुणाला लागत नाही. घामाच्या आणि तेलाच्या ग्रंथी सुकतात, कातडी कोरडी पडते, वर आपला नागपूरचा उन्हाळा. ॲलर्जीच्या गोळीनं ती सहसा हटत नाही. आणि शेजाऱ्याची गोळी घेऊ नका, किडनी बंद असली की औषध अंगात साठतं. फिस्टुलाच्या, म्हणजे डायलिसिसची सुई टोचायला जिथे शीर जोडलेली असते त्या हाताला तर नख लावूच नका, तिथून जंतू थेट रक्तात जातात.

आणखी एक. वॉर्डातल्या टीव्हीवर चार तास भांडणाच्या बातम्या लावू नयेत, असं माझं ठाम मत आहे. जुनी गाणी लावा, पेशंट शांत पडून राहतो.

हो, पोटावर, मांडीवर काळसर-जांभळा, टणक, हात लावू न देणारा डाग दिसला, तर पुढच्या डायलिसिसपर्यंत थांबू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. त्याच दिवशी.