आर्केड कॅबिनेटचं फिनिश: आधी कडा, मग रंग

मंडळी, घरी आर्केड कॅबिनेट (उभं राहून खेळायच्या व्हिडिओ गेमचं कपाट) करणारे आधी चित्र निवडतात, मग रंग, आणि कडांचं काय करायचं हे शेवटच्या दिवशी सुताराला विचारतात. गोव्यात हा क्रम उलटा धरा. जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवाच ओली. ओल फळीच्या पाठीपोटातून हळू शिरते, कापलेल्या कडेतून भराभर. त्यात लादी पुसताना रोज थोडं पाणी खाली लागतं. एमडीएफची (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीची) खालची कड एकदा फुगली की पुन्हा खाली बसत नाही, वर कितीही महागडं पीयू (पॉलियुरेथेन) मारा.

तेव्हा सांगाडा 18 मिमी बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला टिकणाऱ्या गोंदाच्या) प्लायचा घ्या आणि खाली इंचभर उंचीचे पाय बसवा. एमडीएफ वापरलंच, तर कडांना पीयू सीलरचे दोन हात द्या, मध्ये 240 नंबरच्या पेपरने घासून. पाण्यातला प्राइमर उघड्या कडेवर मारलात तर तंतू उभे राहतात.

आता बाहेरचं फिनिश. बाजूच्या मोठ्या फळ्यांना माझं मत मायकालाच (सनमायका, म्हणजे लॅमिनेट): 1 मिमी. शीट 8 बाय 4 फुटांची येते, म्हणून बाजूची खोली साडेतेवीस इंचांत बसवली तर दोन्ही बाजू एकाच शीटमधून निघतात. मायका चारही बाजूंनी 3 मिमी जास्त कापा, चिकटल्यावर ट्रिमरने सपाट करा आणि कानस बाहेरून आत, फळीच्या दिशेनेच ओढा. उलट ओढली की टवका उडतो. सफेद फेविकॉल लावलात तर रात्रभर वजन हवं. रबरी गोंद दोन्ही अंगांना लावून, बोटाला चिकटेनासा झाला की मगच जोडायचा. पावसात हा गोंद फसवतो: सॉल्व्हंट उडताना थर गार पडतो, त्यावर दमट हवेतलं पाणी धरतं, आणि महिन्याभरात कोपरा सुटतो.

फक्त बाहेरून मायका लावलेली उंच फळी वाकते, म्हणून आतून 0.7 मिमीचा पातळ मायका लावून तोल साधतात. इथे एक पेच आहे. जुन्या कॅबिनेटसारखी टी-मोल्डिंग (कडेच्या खाचेत बसणारी टी आकाराची प्लास्टिक पट्टी) पाऊण इंचाची, म्हणजे 19 मिमीची असते. 18 अधिक 1, ती बरोबर बसते. पण आतला थर धरला की जाडी 19.7 होते आणि मायकाची कड उघडी दिसते. आपल्या हवेत मी तोल निवडेन आणि टी-मोल्डिंग सोडून 22 मिमी रुंद, 2 मिमी जाड पीव्हीसी पट्टी लावेन, जादा भाग ट्रिमरने काढून. टी-मोल्डिंगच हवी असेल तर आधी कॅलिपरने जाडी मोजा. दुकानातली 18 ची प्लाय पुष्कळदा 17 आणि काहीतरी निघते.

रंग काढायचा तर डिसेंबर ते मार्च. चवथीला पाहुण्यांना दाखवायचं म्हणून ऑगस्टात फवारणी करू नका. एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर दमट हवेत पांढरट पडतं. पीयूचं हार्डनर ओलाव्याशी भिडून वायू सोडतं आणि थरात बारीक फोड येतात.

चित्राचं व्हायनिल (चिकटणारी प्लास्टिक फिल्म) छापून आलं की 24 तास मोकळं ठेवा, मग त्यावर संरक्षक फिल्म. शाईतलं सॉल्व्हंट आत कोंडलं की कडा वळतात. खाली मायका असेल तर सपाट पोताचा घ्या. स्वेड (खरखरीत) पोतावर व्हायनिल टेकत नाही. कच्च्या प्लायवर तर नकोच, रेषा वर उमटतात.

कंट्रोल पॅनेलवर घामेजलेले हात सतत असतात, तेव्हा व्हायनिलवर 2 मिमी पॉलिकार्बोनेट, म्हणजे चिवट पारदर्शक प्लास्टिक. ॲक्रिलिक भोकाशी तडकतं. बटण हातात आल्याशिवाय भोक पाडू नका: अमेरिकी धाटणीला साधारण 28 मिमी, जपानीला 30. खाली टाकाऊ फळी दाबून धरा आणि चांगल्या अंगाकडून ड्रिल घाला. पडद्याभोवतीची चौकट मात्र मॅट काळी. तिथे ग्लॉस मारलात तर खेळताना ट्यूबलाइटच दिसेल.