आई-बाबांना एका दिवसात मुंबई दाखवताना

नमस्कार. सुट्ट्या जवळ आल्या की माझ्याकडे एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो : "गावाहून आई-बाबा येत आहेत, एका दिवसात मुंबई कशी दाखवू?" आज त्याचे उत्तर देते आणि ते केवळ दक्षिण मुंबईपुरते देते, कारण सत्तरीतल्या माणसांना एकाच दिवशी सिद्धिविनायक, हाजी अली, जुहू आणि गेटवे घडवायचे ठरवले, तर त्यांच्या वाट्याला बहुतेक टॅक्सीची खिडकीच येते.

औषधे, टोपी, पाणी, ओळखपत्र ही यादी तुम्हांला ठाऊकच आहे. शक्यतो डिसेंबर-जानेवारी निवडावा आणि सकाळी लवकर निघावे. पुढे जाऊ.

खरी अडचण चालण्याची नसते, उभे राहण्याची असते. माझी आत्या साताऱ्याकडची. आजही ती पायी शेतावर जाऊन येते. तिला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात नेले, तेव्हा दुसऱ्याच दालनात ती मूर्ती पाहायचे सोडून बाक शोधू लागली. दोन पावले टाकायची, थांबायचे, पाटी वाचायची आणि पुन्हा दोन पावले टाकायची, अशा रेंगाळण्याने कंबर जितकी धरते तितकी सरळ चालण्याने धरत नाही. १९२२ साली लोकांसाठी खुल्या झालेल्या या संग्रहालयात दिवसभर पुरेल इतके पाहण्यासारखे आहे. म्हणूनच तळमजल्यावरचे शिल्पांचे दालन आणि फार तर आणखी एक, एवढेच आधी ठरवून जावे.

"माझे बाबा रोज पाच किलोमीटर फिरतात, त्यांना काही होत नाही," असे एका प्रेक्षकांनी लिहिले आहे. फिरत असतील, पण गेटवेला तपासणीच्या रांगेत आणि नंतर तुमच्या छायाचित्रांसाठी उन्हात ते उभेच असतात ना? मरीन ड्राइव्हचा कट्टा बसायला चांगला खरा, परंतु त्याला पाठ टेकायला काही नाही. त्यामुळे प्रत्येक ठिकाणासाठी आधी हे ठरवा की पाठ टेकून बसायचे कुठे, आणि मगच पाहायचे काय ते ठरवा.

आता घारापुरी, म्हणजेच एलिफंटा बेटावरची लेणी. "एलिफंटा राहून गेले तर मुंबईला येऊन काय उपयोग?" या प्रतिक्रियेचा मला मनापासून कंटाळा आला आहे. लेणी अप्रतिम आहेत, सुमारे वीस फुटी सदाशिवासमोर माणूस गप्प होतो, हे मान्य. मात्र गेटवेच्या ओल्या पायऱ्या उतरून हलत्या लाँचमध्ये पाय टाकायचा, कधी एका लाँचमधून दुसरीत जायचे, तासाभराचा प्रवास करायचा आणि वर शंभरावर पायऱ्या चढायच्या. धक्क्यापासून छोटी गाडी आहे, पण ती पायथ्यापर्यंतच. पुढे डोलीची खुर्ची मिळते, तीत बसायला मात्र अनेक वडीलधाऱ्यांना संकोच वाटतो. घारापुरीला स्वतंत्र दिवस द्यावा, आणि तो सोमवार नसावा, कारण त्या दिवशी लेणी बंद असतात.

याच संकोचामुळे आणखी एक गोष्ट घडते, जी फारसे कोणी बोलत नाही. वाटेत स्वच्छतागृह शोधावे लागू नये म्हणून कित्येक आया दिवसभर पाणीच पीत नाहीत. "जायचे आहे का?" असे विचारल्यास "नको, चाललंय" हेच उत्तर येईल. त्यामुळे विचारू नका; संग्रहालयातून निघताना आणि जेवणानंतर सर्वांनीच जाऊन यायचे, असा शिरस्ताच ठेवा.

दुपारी जेवून दोन तास आडवे होऊ द्या. संध्याकाळी, दिवे लागल्यावर, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची इमारत समोरच्या बाजूने पाहावी. २००४ पासून ती जागतिक वारसा यादीत आहे आणि रस्त्यापलीकडूनच अधिक शोभते. फोर्टमध्ये बेस्टची वातानुकूलित दुमजली बस मिळाली तर जरूर बसा, पण आई-बाबांना वर चढवण्याचा हट्ट धरू नका.

भुयारी मेट्रोने येणार असाल, तर स्थानकाच्या कोणत्या प्रवेशद्वाराला लिफ्ट आहे हे घरूनच पाहून ठेवा. सगळ्याच प्रवेशद्वारांना ती नसते, आणि चुकीच्या दाराने बाहेर पडल्यास आई-बाबांना भर रहदारीत रस्ता ओलांडावा लागतो.